धरलेला सूर

जेवणाच्या सुट्टीत मी एक पावा घ्यायला निघालो. गोष्ट एवढ्यापासूनच सुरू होते, म्हणून एवढ्यापासूनच सांगतो. पत्र्याचा, सहा भोकांचा, उभा धरून वाजवायचा साधा पावा. त्यावर संथ धून वाजली पाहिजे आणि तो आमच्या खिशाला झेपला पाहिजे, इतकंच बघायचं होतं.

मी चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. आमच्या दुकानामागच्या गल्लीत, कुलपं दुरुस्त करणाऱ्याला लागून वाद्यांचं एक दुकान आहे. आत शिरलं की सरसाचा, जुन्या लाकडाचा आणि पितळ पुसायच्या चिंधीचा वास येतो. दुकान चालवणाऱ्या बाई गल्ल्यामागे बसून हार्मोनियमच्या भात्याला चामड्याची पट्टी चिकटवत होत्या. पावा म्हटल्यावर त्यांनी वर न बघताच एक लांबट खोका माझ्यापुढे सरकवला.

"मुलांसाठी?"

"माझ्यासाठी."

"बरं सुचलं. काय वाजवणार? नाचायचं की रडायचं?"

"संथ धून."

"म्हणजे रडायचं," बाई म्हणाल्या आणि पट्टीवर अंगठा दाबत राहिल्या.

मी खिशातलं भिंग डोळ्याला लावून एकेका पाव्याची खाच बघू लागलो. तोंडातली हवा एका फटीतून येते आणि त्या खाचेच्या कडेवर दुभंगते. सूर तिथे तयार होतो. कड ओबडधोबड असेल तर वरचे सूर किंचाळतात. माझं अर्धं आयुष्य कडा बघण्यात गेलंय, त्यामुळे मला तेवढंच बघता येत होतं.

"अहो, पावा घेताय की त्याला नंबर काढून देताय? फुंकून बघा."

एक बारीक पितळी नळीचा होता, हिरव्या प्लॅस्टिकच्या तोंडाचा. सगळ्यांत स्वस्त. त्याला हवा अगदी कमी लागायची, पण वर गेला की सुई टोचल्यासारखा वाजायचा. एक लांब आणि जाड होता, खालच्या पट्टीचा. आवाज घरंदाज. पण माझी बोटं भोकांपर्यंत पुरेनात आणि किंमत ऐकल्यावर पुरायची गरजही राहिली नाही. तिसरा पत्रा गुंडाळून केलेला, खाली निमुळता होत गेलेला आणि तोंडात लाकडाचा ठोकळा बसवलेला. त्याच्या सुरात निम्मी हवाच होती. कुणी कानाशी येऊन बोलावं तसा तो वाजला.

मुंगीचा पावा असाच होता.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. अंगाने एवढीशी, पण हट्टाने स्वतःपेक्षा जड दप्तर स्वतःच उचलणारी, म्हणून मुंगी. जन्मापासून तिची फुप्फुसं कमजोर. ती लहान असताना डॉक्टर म्हणाले होते, हिला रोज फुंकायला काहीतरी द्या. फुगे द्या, पिपाणी द्या. फुग्यांचा तिला चार दिवसांत कंटाळा आला. पाव्याचा आला नाही. जलद काही तिला झेपायचं नाही, म्हणून ती संथ धुना वाजवायची, आणि त्यातही एकच जास्त. त्या धुनीला ताल नव्हता. जिथे दम संपेल तिथे ओळ थांबवायची मुभा होती.

पण मुंगीला मुभा नको होती. तिला ओळ तुटलेली चालत नसे. म्हणून तिने घरात एक पद्धत पाडली. दम संपत आला की ती माझ्याकडे बघून भुवई उंचवायची. मी तोंड मिटून तोच सूर गुणगुणत धरायचा. ती श्वास घ्यायची, परत यायची आणि माझ्या हातातून सूर काढून घेतल्यासारखी पुढे जायची. धरणाऱ्याने सोडायचं नाही, दुसरा परत येईपर्यंत. एकदा मला शिंक आली आणि सूर सुटला, तर पुढे आठवडाभर मी 'पळपुटे बाबा' होतो.

शेवटच्या दुपारी इस्पितळाच्या खाटेवर तिने ती धून वाजवली. फुंकर अशी नव्हतीच, नुसता वारा. शेवटच्या ओळीच्या अलीकडे तिने भुवई उंचवली. मी सूर धरला. धरून राहिलो. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला तरी मी सोडला नाही. नंतर नर्सनेच दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला, हळूच, तेव्हा सुटला.

मुंगीचा पावा आम्ही तिच्याबरोबरच दिला.

हिला, म्हणजे मुंगीच्या आईला, तेव्हापासून बोलणं नकोसं झालं होतं. ती घरी कपड्यांची शिलाई करते. मशीन चालायचं, पण त्याच्यापुढे बसलेली बाई कुठे असायची कोण जाणे. मग त्या सकाळी मला डबा देताना ती म्हणाली, "अहो, ती शेवटची ओळ मला आठवत नाही. बाकीचं आठवतं. तुम्हाला येते?"

"बोटं आठवतात. बघून बघून."

"मला एकदा पूर्ण ऐकायचीय."

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. म्हणून मी त्या दुकानात उभा होतो.

मी गुंडाळलेल्या पत्र्याचा तो पावा पुन्हा उचलला आणि धुनीची पहिली ओळ वाजवून बघितली. अडखळत, पण वाजली. मध्ये दम संपला, मी श्वास घेतला, पुढे गेलो. पावा खाली ठेवला तेव्हा बाईंनी प्रथमच हातातलं काम थांबवलं होतं.

"श्वास मोठा आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "एवढी हवा खाणारा पावा, आणि ओळ कुठे तुटली नाही."

"मी मध्ये श्वास घेतला ना."

"कधी?"

मी त्यांच्या हातातल्या भात्याकडे बघितलं. दुकानात शंभर वाद्यं टांगलेली, काहीतरी घुमलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पैसे दिले आणि निघालो.

घरी वाजवायला बसलो तो दिवे लागायच्या वेळी. ही मशीनपाशी, माझ्याकडे पाठ करून, एका कोटाचं अस्तर उसवत होती. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिचे हात थांबले.

"तुम्ही श्वास कुठे घेताय?"

"ती घ्यायची तिथेच."

"मग मला ऐकू कसा येत नाही? पुन्हा वाजवा."

मी वाजवली. या वेळी मीही कान दिला. दम संपला तशी बोटं भोकांवर तशीच ठेवून मी पावा ओठांपासून दूर केला... आणि सूर तिथेच राहिला. खोलीत. माझ्या डाव्या बाजूला, जरा खालच्या अंगाला, मुंगी तिच्या वेताच्या बुटक्या मोड्यावर बसायची तिथे. तोंड मिटून गुणगुणल्यासारखा, स्वच्छ. मी घाईने पावा तोंडाला लावला आणि सूर उचलला, तसा तो तिकडून सुटला. इतका नेमका, की सांध्यावर नख फिरवलं असतं तरी लागलं नसतं.

आम्ही घाबरलो नाही. खोटं कशाला सांगू? ही हळूच मोड्यापाशी जाऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मुंगे, बाबांना येत नाही गं नीट. सांभाळून घे."

मी शेवटच्या ओळीच्या अलीकडे आलो, त्याच जागेवर, आणि श्वास घेतला. सूर धरलेला होता. हिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आज नको. शेवट उद्या."

मला कळलं ती का थांबवतेय. मलाही तेच हवं होतं. धून संपली तर काय संपेल ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मी पावा पुसून फळीवर ठेवला. सूर हळूहळू बारीक होत गेला, ऐकू येईनासा झाला, आणि आम्ही जेवायला बसलो. बऱ्याच दिवसांनी ही म्हणाली की भाजीत मीठ कमी आहे.

मग ते रोजचंच झालं. रोज दिवे लागले की मी वाजवायला बसायचो, रोज त्या जागेपर्यंत जायचो, आणि रोज ही म्हणायची, शेवट उद्या. दिवसा ती मोड्याशी बोलायची. खालच्या मजल्यावरची शेजारीण कसा एकच ब्लाऊज पाच वेळा सैल करायला आणते ते सांगायची. "तिला म्हटलं, बाई, कापड संपलं, आता तुम्हीच थोड्या आवरा." हे सांगताना ती हसली. ते हसू मी किती दिवसांनी ऐकलं होतं. त्या हसण्यापायी मी धून आणखी वर्षभर लांबवली असती.

पण सूर बदलत गेला. आधी तो भरलेला असायचा. नंतर त्याच्या कडेला खरखर आली. मग कंप आला. एका संध्याकाळी तर मी श्वास घेऊन परतेपर्यंत तो मध्येच खचला आणि धडपडून पुन्हा उभा राहिला. खोलीत मुंगीच्या वाफाऱ्याच्या औषधाचा वास आला. ते औषध आम्ही केव्हाच टाकून दिलं होतं.

हिचा चेहरा उतरला. "उद्या," एवढंच ती म्हणाली, तेही मला की मोड्याला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हलवून उठवलं.

"अहो... नळ गळतोय का बघा."

मी उठून बसलो. बारीक, सलग आवाज येत होता. बंद न झालेल्या तोटीतून पाण्याची धार यावी तसा. स्वयंपाकघरातला नळ कोरडा होता. न्हाणीतलाही. आवाज मुंगीच्या खोलीतून येत होता.

दार उघडंच असतं. उजाडलं होतं, खिडकीतून चांगला उजेड आत आला होता, आणि खोलीत कुणी नव्हतं. खाटेवर घडी घातलेली चादर. वाफाऱ्याच्या औषधाचा वास, आदल्या संध्याकाळपेक्षा दाट. आणि खाटेच्या उशाकडे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, तो सूर. मी काल सोडला होता तोच. केसाएवढा झालेला, थरथरणारा, पण न सुटलेला.

ही दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"ही... रात्रभर धरून बसलीय."

मी मागे सरकून तिच्याशेजारी आलो.

"रोज रात्री धरून बसत असेल. आपल्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच." तिचा आवाज कुजबुजीइतका खाली गेला. "आपण उद्या म्हणायचो... तिला कोण सांगणार, उद्या म्हणजे केव्हा?"

धरणाऱ्याने सोडायचं नाही. तिचाच नियम. आम्ही जेवलो, झोपलो, हसलो, आणि ती फाटक्या फुप्फुसांनी आमची वाट बघत सूर धरून राहिली. मेल्यावर तरी तिचा दम मोकळा झाला असेल, एवढ्या एका समजुतीवर मी तग धरून होतो. ती समजूत त्या खोलीच्या दारात गेली.

मी धावत जाऊन पावा आणला आणि सूर उचलला. तिकडून तो सुटला. मग आम्हाला तिचा श्वास ऐकू आला. भराभर, अपुरा, वर ओढून घेतलेला. आईबापांना झोपेतही ओळखू येईल असा. मी शेवटची ओळ सुरू केली. पण त्या पत्र्याच्या पाव्याला हवा फार लागते. अर्ध्यातच माझा दम संपला, आणि मला थांबावं लागताच तिने तो सूर उचलला. उचलताना तिच्या घशात काहीतरी अडकलं. इस्पितळात त्या दुपारी अडकलं होतं तसंच.

मी घाबरून मागच्या जागी परतलो, तिच्याकडून सूर घेतला, एकच सूर लांबवत राहिलो.

"नको," ही म्हणाली. "असं नको. सगळी ओळ एका श्वासात होणार असेल तरच वाजवा. मध्ये तिच्यावर टाकू नका."

मी वाजवतच नकाराची मान हलवली. या पाव्यावर ते होणार नव्हतं. मला तो दुसरा आठवला, पितळी, बारीक. माझा दम संपत आला. मी हिच्याकडे बघितलं, आणि काय करतोय ते कळायच्या आत माझी भुवई वर गेली.

ही कधी गायलेली नाही. अंगाईसुद्धा तिने नुसती थोपटून भागवली होती. तिने डोळे मिटले, ओठ मिटले, आणि सूर धरला. किंचित उतरलेला होता, पण धरला.

मी चपला न घालताच जिना उतरलो.

वाद्यांच्या दुकानातल्या बाई नुकत्याच शटर वर करत होत्या. मी पावा त्यांच्यापुढे ठेवला आणि पितळी पावा मागितला.

"तो? अहो, तो संथ धुनीला कुणी नेत नाही. चिरका आहे."

"त्याला हवा कमी लागते."

"लागते कमी. पण गोडवा..."

"गोडवा नको. सबंध ओळ एका श्वासात झाली पाहिजे."

बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. आणलेला पावा उचलून त्यांनी सवयीने झटकला, तसं गल्ल्याच्या काचेवर पाणी पडलं. थेंब नव्हे, चांगलं चमचाभर. वाजवणाऱ्याच्या श्वासाची वाफ आत धरते आणि तिचं पाणी होतं, हे मला माहीत होतं. एवढं होत नाही, हेही माहीत होतं.

"हा तुम्ही एकटेच वाजवता?" त्यांनी विचारलं.

मी पितळी पावा उचलला. बदल्यात पैशांचा हिशेब काय, ते विचारायचं राहून गेलं. त्यांनीही हाक मारली नाही.

वाटेत मी तो काखेत धरून ऊब देत आणला. थंड पावा पहिल्याच फुंकरीला घुसमटतो.

खोलीत ही खाटेच्या कडेवर बसली होती. आवाज पार बसला होता, तरी सूर चालू होता. तिला श्वास घ्यावा लागला की तो उशाकडून यायचा, केसाएवढा, आणि ही घाईघाईने त्याच्याकडून परत घ्यायची. आपल्यामुळे लेकराला एक क्षणही जास्त धरावा लागू नये म्हणून ती स्वतःचे श्वास अर्धवट तोडत होती. तिचा उजवा हात हवेत होता. वर-खाली, वर-खाली. पाठीवरून फिरवावा तसा.

मी समोर बसलो. पोट भरून, छाती भरून, बरगड्या दुखेपर्यंत हवा घेतली, पावा ओठांना लावला आणि हिच्याकडून सूर घेतला. चिरका, टोचणारा, पण सरळ. मग शेवटची ओळ. वर चढणारी, वर थोडी रेंगाळणारी आणि पायरी पायरीने खाली येणारी. मुंगी ती वर रेंगाळायची, म्हणून मीही रेंगाळलो. तेवढं मला टाळता आलं नाही. खाली येताना डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, कानात रक्त धडधडू लागलं. शेवटच्या सुरावर मी बोटं ठेवली तेव्हा छातीत हवा उरली नव्हती. कशाने वाजला ते मला माहीत नाही. पण तो मीच वाजवला, तिने नाही. तेवढं मी खात्रीने सांगू शकतो.

धून संपली.

खोली शांत झाली. औषधाचा वास विरत गेला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. हिचा हात हवेत होता तिथेच थोडा वेळ राहिला आणि मग मांडीवर आला.

"सुटली," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "अहो... सुटली हो ती."

मग ती रडली. इस्पितळात रडली नव्हती, घरी आल्यावर रडली नव्हती, ते सगळं. मी तिला धरून बसलो. पावा खाली पडून खाटेखाली घरंगळत गेला, तो उचलायचं भान कुणाला नव्हतं.

तिचे हुंदके ओसरल्यावर, आम्ही दोघं अगदी गप्प बसलेलो असताना, उशाकडे कुणीतरी श्वास घेतला.

तो अपुरा नव्हता. धापेचा नव्हता. लांब, खोल, सावकाश, शेवटपर्यंत आत गेलेला. असा श्वास मुंगीने उभ्या आयुष्यात कधी घेतला नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मग आम्ही वाट बघू लागलो, आणि तो आनंद हळूहळू जागच्या जागी थिजत गेला.

दुपार झाली. संध्याकाळ झाली, दिवे लागले. नंतर ऋतू पालटला. आजही ही शिवताना मध्येच मशीनच्या चाकावर तळहात ठेवते आणि मान किंचित त्या खोलीकडे वळवते. मीही घास तोंडात तसाच धरून थांबतो. तो श्वास आत घेतलेला आम्ही दोघांनी ऐकला. तो अजून कुणी सोडलेला नाही.